सूज आधी, लंगडणं नंतर

घोड्याच्या पायाची गोष्ट निघाली की बोलणं नालेपासून सुरू होतं आणि नसेवर येऊन थांबतं. नाल सैल झाली, खिळा जिवंत खुरात गेला, नस भरली, नस तुटली. घोडा पाळणाऱ्या घरात ही वाक्यं पोरासोरांनाही येतात. सांधा मात्र बोलण्यात येतो तो फार उशिरा, बहुधा "आता हा घोडा कामाचा राहिला नाही" असं म्हणायची पाळी आल्यावर. तोवर हाडाला हाड घासायला लागलेलं असतं, पाय पुरता वाकेनासा झालेला असतो, आणि डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरला की मालक नुसती मान हलवतो. हे पुस्तक त्या एक्स-रेच्या कितीतरी आधीच्या दिवसांबद्दल आहे. सांध्याच्या आत जे पातळ, ओलसर अस्तर असतं ते बिघडतं म्हणजे काय होतं, बिघडल्याचं बाहेरून कसं ओळखावं, आणि ओळखल्यावर काय करावं, मुख्य म्हणजे काय करू नये, एवढाच त्याचा विषय. लेखकाने तो हट्टाने एवढाच ठेवला आहे, हे मला आवडलं.

सांधा म्हटलं की दोन हाडांची टोकं एकमेकांवर टेकलेली, एवढंच चित्र आपल्या डोळ्यांपुढे येतं. खरं तर त्या टोकांवर गुळगुळीत कूर्चेचा थर असतो, भोवती चिवट पिशवी असते आणि त्या पिशवीला आतून हे अस्तर असतं. त्याचा अगदी आतला थर म्हणजे पेशींच्या एक ते चार ओळी, बस्स. कूर्चेवर ते नसतं. कूर्चा उघडीच असते. अस्तरातल्या पेशींनी कामं वाटून घेतलेली आहेत. काही पेशी सांध्यात पडलेला कचरा, झिजलेले कण, चुकून शिरलेले जंतू गिळून टाकतात. दुसऱ्या पेशी हायल्युरोनिक अॅसिड नावाचं लांबच लांब साखळीचं रसायन तयार करतात. रक्तातून गाळून आलेल्या पाण्यात ते मिसळलं की सांध्याचं वंगण तयार होतं. पण त्याला नुसतं वंगण म्हणणं त्याच्यावर अन्याय आहे. कूर्चेला रक्तवाहिन्या नसतात. तिचं खाणंपिणं याच द्रवातून चालतं. घोडा पाऊल टाकतो तेव्हा कूर्चा दाबली जाते, उचलतो तेव्हा सुटते, आणि त्या दाबण्या-सुटण्यात द्रव आत-बाहेर होतो. म्हणून चोवीस तास दावणीला बांधून ठेवलेल्या घोड्याचे सांधेही नीट राहत नाहीत. फार पळवलेल्याचे बिघडतात तसे अजिबात न हललेल्याचेही बिघडतात.

निरोगी सांध्यातला हा द्रव फिकट पिवळा, नितळ आणि चिकट असतो. सुईतून आलेला थेंब अंगठा आणि तर्जनीत धरून बोटं हळूहळू लांब केली की एकतारी पाकासारखी तार निघते, दोन-तीन सेंटिमीटर तरी तुटत नाही. अस्तर सुजलेल्या सांध्यातला थेंब तसाच धरा. बोटं उघडायच्या आत पाण्यासारखा ओघळून जातो. त्यात रसायनाच्या साखळ्या तुटलेल्या असतात आणि रक्तातलं पाणी जास्तीचं उतरलेलं असतं. सांधा फुगलेला दिसतो तो या पाण्यामुळे. म्हणजे बाहेरून भरलेला दिसणारा सांधा आतून वंगणाला मोताद झालेला असतो.

कूर्चेला जशा रक्तवाहिन्या नसतात तसे मज्जातंतूही नसतात, ही गोष्ट या पुस्तकातली सर्वांत महत्त्वाची आहे असं मी समजतो. कूर्चा झिजत असताना घोड्याला तिचं दुखत नाही. दुखतं ते अस्तर, ती पिशवी आणि कूर्चेखालचं हाड. अस्तराला सूज आली की त्यातल्या पेशी प्रोस्टाग्लँडिन, इंटरल्युकिन-१ अशी रसायनं सोडतात आणि त्यांच्या पाठोपाठ कूर्चा कुरतडणारी विकरं येतात. सुरुवातीला घोडा लंगडतोच असं नाही. थोडा आखडतो, पहिली शंभर पावलं जड टाकतो, मग मोकळा होतो, आणि मालक म्हणतो, "चालल्यावर सुटतो, काही नाही त्याला." आठवड्यांमागून आठवडे असे जातात. मुकी कूर्चा त्या काळात खर्ची पडत असते, आणि एकदा गेलेली कूर्चा पूर्वीसारखी भरून येत नाही. घोड्याच्या सांध्याला आपल्याकडे जे काही करता येण्यासारखं असतं ते सगळं या सूज असलेल्या आणि लंगड नसलेल्या काळातच.

आता ही सूज ओळखायची कशी, याचं प्रकरण लेखकाने लांबवलं आहे आणि ते योग्यच केलं आहे. खुराच्या वर, घोट्यासारखा दिसणारा जो सांधा, तो घोड्याच्या शरीरातला सर्वांत जास्त ताणला जाणारा. भरधाव पळताना तो इतका खाली दबतो की त्याची मागची बाजू जमिनीला टेकते की काय असं वाटावं, आणि त्या क्षणी पुढच्या एका पायावर घोड्याच्या वजनाच्या दुपटीहून अधिक भार येतो. या सांध्याची पिशवी मागच्या बाजूला नळीच्या हाडालगत वर चढलेली असते. अस्तर सुजलं की नेमक्या तिथे मऊ उंचवटा येतो. त्याच्या बोटभर मागे नसेच्या म्यानाचा फुगवटा येतो, तो वेगळा. म्हाताऱ्या, कष्टाळू घोड्याच्या चारही पायांना असे म्यानाचे फुगे असतात, रात्री उभं राहून वाढतात, सकाळी चालल्यावर ओसरतात, आणि बहुतेक वेळा त्यांचं काही करायचं नसतं. बोटभर पुढे की बोटभर मागे, यावर सगळं अवलंबून असल्यामुळे हे नुसतं वाचून येणारं ज्ञान नव्हे. निरोगी पायावर हात बसवावा लागतो. मागच्या पायाच्या मधल्या, मागे कोन करून वळलेल्या सांध्यात पाणी भरलं तर पुढून आतल्या अंगाला गुबगुबीत फुगवटा दिसतो. तो अंगठ्याने दाबला की पाणी सरकून बाहेरच्या अंगाला दुसरा फुगवटा वर येतो. एका ठिकाणी दाबावं आणि दुसरीकडे उठावं, ही सांध्यात पाणी असल्याची साधी खूण. फुगवटा गरम आहे का, नवा आहे का, एकाच पायाला आहे का आणि पाय दुमडताना घोडा कान मागे टाकतो का, हे चार प्रश्न त्यानंतरचे.

शर्यतीच्या घोड्यांत आणखी एक प्रकार दिसतो. त्याच खुरावरच्या सांध्यात पुढच्या बाजूला अस्तराची एक छोटी घडी असते. पळताना सांधा पुन्हा पुन्हा अति ताणला गेला की ती दोन हाडांच्या मध्ये चिमटते, जाड होते आणि शेवटी टणक गाठीसारखी हाताला लागते. ती दुर्बिणीने काढावी लागते. खेड्यातल्या घोड्यात ते क्वचित, म्हणून पुस्तकात त्याला अर्धंच पान आहे.

मी हे तारिहाळला बसून लिहितो आहे. हुबळीच्या कडेचं हे गाव आता कारखान्यांच्या शेडांवरून ओळखलं जातं. घोड्याशी त्याचा काय संबंध, असं कोणी विचारलं तर मी जमिनीकडे बोट दाखवेन. इथून नवलगुंदकडे निघालं की काळी माती, आणि धारवाड-कलघटगीकडे वळलं की लाल, मुरमाड, मलनाडाची सुरुवात. पावसात काळी माती पाय धरून ठेवते आणि घोड्याला प्रत्येक पाऊल उपसून काढावं लागतं. उन्हाळ्यात तीच माती भेगाळते, चाकांच्या चाकोऱ्या दगडासारख्या वाळतात आणि पाऊल तिरकं पडून सांधा मुरगळतो. मुरमाड जमीन मुरगळत नाही, ती ठोकते. त्यावर आता सगळीकडे डांबर आणि सिमेंट. या पट्ट्यातल्या मराठी बोलणाऱ्या घरांत घोडा पूर्वी टांग्याला जुंपलेला असे, आता तो वरातीपुरता उरला आहे. टांग्याचा घोडा रोज तेच अंतर एका लयीत, दुडक्या चालीने जायचा. वरातीचा घोडा आठवडाभर उभा असतो आणि एका रात्री चार तास नाचतो. सांध्याच्या दृष्टीने टांगा बरा होता, असं मला प्रामाणिकपणे वाटतं.

नाचणाऱ्या घोड्याबद्दल पुस्तकात सौम्य भाषा आहे. माझी तेवढी नाही. ढोलाच्या तालावर मागच्या दोन पायांवर उभं राहायला शिकवलेला घोडा लोकांना फार आवडतो. सारंगखेड्याला एकमुखी दत्ताच्या यात्रेत, तापीकाठच्या त्या मोठ्या घोडेबाजारात, अशा घोड्याभोवती कडं पडतं आणि त्याची बोलीही चढते. पण घोड्याचं शरीर आपलं निम्म्याहून जास्त वजन पुढच्या पायांवर तोलण्यासाठी घडलेलं आहे. ते सगळं मागच्या दोन सांध्यांवर, तेही कोन करून, सिमेंटच्या रस्त्यावर पुन्हा पुन्हा टाकायचं म्हणजे त्या अस्तराला रोज नवी जखम. अशी घोडी विकत घेताना तिच्या नाचाआधी तिच्या मागच्या सांध्यांना हात लावून पाहावा. विकणाऱ्याच्या चेहऱ्याकडेही पाहावं.

सीमाभागातले सर्वांत नावाजलेले घोडे मात्र नाचाचे नाहीत, चालण्याचे आहेत. चिकोडी तालुक्यातल्या, कृष्णाकाठच्या अंकलीच्या शितोळे सरकारांकडून ज्ञानेश्वर माउलींच्या पालखीला दोन अश्व जातात. एकोणिसाव्या शतकात हैबतबाबा आरफळकरांनी पालखी सोहळ्याला आजचं रूप दिलं तेव्हापासून हा मान अंकलीकडे आहे. एका अश्वावर जरीपटका घेतलेला स्वार असतो, दुसऱ्याची पाठ मोकळी, कारण त्यावर माउली बसलेले असतात. हे अश्व अंकलीहून आळंदीपर्यंत तीनशे किलोमीटरच्या आसपास पायी येतात आणि मग पालखीबरोबर पंढरपूरपर्यंत आणखी सव्वादोनशे-अडीचशे किलोमीटर चालतात. वाटेत तरडगावजवळ चांदोबाच्या लिंबाला पहिलं उभं रिंगण, पुढे पुरंदवड्याला आणि वाखरीपर्यंत इतर ठिकाणी गोल आणि उभी रिंगणं.

रिंगण म्हणजे भक्ताला काय, हे मी सांगायला नको. सांध्याला काय, तेवढं सांगतो. दिवसचे दिवस माणसाच्या पावलाने चाललेला घोडा अचानक चौखूर सुटतो, तोही गोलात. सरळ पळणाऱ्या घोड्याच्या सांध्याची दोन्ही अंगं सारखी दबतात. वळणावर पळणाऱ्याचं एक अंग जास्त दबतं, आणि वर्तुळ जितकं लहान तितकं जास्त. खाली आषाढातली ओली, पायांनी तुडवलेली जमीन. अंकलीच्या अश्वांच्या प्रकृतीबद्दल मी इथे काही म्हणत नाही. पिढ्यान्‌पिढ्या हा मान सांभाळणाऱ्या घराला घोडा कसा राखायचा ते मी शिकवणं शोभणार नाही. पण गावोगावच्या दिंड्या-पालख्यांत आता असेच अश्व असतात, लहान-मोठी रिंगणं होतात, आणि तिथले घोडे कित्येकदा भाड्याने आणलेले असतात. त्यांच्यासाठी पुस्तकातलं साधं कोष्टक कामाचं आहे: रिंगणाआधी पंधरा-वीस मिनिटं मोकळं चालवणं, त्यात थोडी दुडकी, जमलं तर दोन्ही बाजूंना वळणं, आणि नंतर एकदम उभं न करता पुन्हा चालवणं. रिंगणानंतर त्या टापांची माती कपाळाला लावायला हजारो हात पुढे येतात. संध्याकाळी त्याच पायांच्या सांध्यांवर तळहात ठेवून ऊब पाहणारा एक माणूस असला म्हणजे झालं.

भीमथडीचा घोडा हा या पुस्तकाचा एक नायक. कर्नालच्या राष्ट्रीय पशू आनुवंशिक संसाधन ब्युरोने अलीकडेच त्याला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली, आणि मराठ्यांच्या फौजेतलं हे काटक जनावर कागदावर पुन्हा जिवंत झालं. कागदाबाहेर ते कधी मेलंच नव्हतं. बारामती, इंदापूर, फलटणकडचे धनगर मेंढ्या घेऊन बाहेर पडतात तेव्हा बिऱ्हाड, भांडी, कोकरं आणि कधी पोरंही याच घोड्याच्या पाठीवर असतात. ते घाट उतरतात तेव्हा ओझं पुढच्या पायांवर येतं. लहान हाडाचा, बळकट खुराचा हा घोडा तक्रार करत नाही, आणि नेमकं तेच त्याला भोवतं. ज्या धनगराला कळपातल्या कुठल्या मेंढीला काल जुलाब झाले ते सांगता येतं, त्याला घोड्याचा सांधा कधी भरला ते सांगता येत नाही, कारण घोडा चालतच राहिला. माथेरानला निराळी अडचण. मोटारींना बंदी असलेल्या त्या डोंगरावर घोडेवाल्यांची घरं घोड्यावरच चालतात, आणि रस्त्यावर बसवलेल्या पेव्हर ब्लॉकवरून घोडे घसरतात ही त्यांची तक्रार सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. घसरणारा घोडा पडला तर सगळे पाहतात. न पडता स्वतःला सावरतो तेव्हा सांध्याला जो हिसका बसतो तो कोणी पाहत नाही.

लंगड कुठल्या पायात आहे हे ओळखण्याची रीत इथेही थोडक्यात सांगतो, कारण तीत नेहमी गफलत होते. घोडा कडक, सपाट जमिनीवर, दोर सैल सोडून, दुडक्या चालीने सरळ न्यायचा. दोर घट्ट धरला की मान हलत नाही आणि परीक्षा फुकट जाते. दुखरा पुढचा पाय टेकताना घोडा मान वर उचलतो, चांगला पाय टेकताना मान खाली टाकतो. पुष्कळ लोक मान खाली जाते तो पाय दुखरा समजतात आणि चांगल्या पायाला औषध चोळत बसतात. मग संशयित सांधा मिनिटभर दुमडून धरायचा आणि लगेच दुडक्या चालीने सोडायचा. लंगड वाढली तर बोट तिकडे वळतं. पुढचं काम डॉक्टरांचं. सांध्यात बधिर करणारं औषध सोडलं आणि लंगड नाहीशी झाली तर चोर सापडला. एक्स-रेत हाड दिसतं, अस्तर दिसत नाही. ते अल्ट्रासाऊंडवर दिसतं. म्हणून "फोटो स्वच्छ आहे" याचा अर्थ "सांधा स्वच्छ आहे" असा घ्यायचा नसतो.

सांध्यातलं पाणी तपासायला पाठवलं तर आकडे पुष्कळ बोलतात. निरोगी द्रवात मायक्रोलिटरला हजारापेक्षा कमी पांढऱ्या पेशी आणि डेसिलिटरला दोन ग्रॅमच्या आसपास किंवा कमी प्रथिनं असतात. साध्या सुजेत ते थोडे वाढतात. पेशी वीस-तीस हजारांच्या पुढे आणि प्रथिनं चार ग्रॅमच्या वर गेली की सांध्यात जंतू शिरले आहेत असं धरून चालायचं. पण सांध्यात सुई घालणं हे तबेल्यात, धुळीत, केस न काढता करायचं काम नाही. सुईबरोबर जंतू आत गेले तर नसलेला रोग आपणच लावला.

जंतूंनी बिघडलेला सांधा ही या विषयातली एकमेव गोष्ट, जिथे तास मोजावे लागतात. इकडच्या बांधांवर बाभळी कमी नाहीत. बाभळीचा काटा सांध्यालगत घुसला, बाहेर एक टिकलीएवढी जखम, रक्तही फारसं नाही. मालक हळद भरतो, कोणी चुना लावतो, कोणी राख. दोन दिवसांनी घोडा पाय टेकायचं सोडतो. सांध्याजवळच्या जखमेतून पिवळसर, तार सुटणारा चिकट द्रव येत असेल तर तो पू नव्हे, तो सांध्याचा द्रव आहे, आणि सांधा उघडा पडला आहे. अशा सांध्याला सलाईनने, लिटरच्या लिटर, आतून धुवावं लागतं. पहिल्या दिवशी धुतलेला आणि चौथ्या दिवशी धुतलेला सांधा यांत बहुतेक वेळा काम करणारा घोडा आणि उभा न राहणारा घोडा एवढं अंतर असतं. जखमेवर काही भरू नये. स्वच्छ कापड बांधून फोन करावा. धनुर्वाताची लस आधीच टोचलेली असावी. माणसाला वाचवणारी धनुर्वाताची प्रतिलस वर्षानुवर्षं घोड्याच्या रक्तातून बनली. परळच्या हाफकिन संस्थेत त्यासाठी घोडे ठेवलेले असत आणि पुण्याच्या पूनावालांच्या स्टड फार्मवरचे निवृत्त घोडेही तिथे जात. आणि आपल्या गावातल्या घोड्याला स्वतःची लस मात्र बहुधा मिळालेली नसते.

शिंगराची गोष्ट याहून हळवी. आठ-दहा दिवसांचं शिंगरू एका पायाने लंगडतं, अंगात ताप असतो, एक सांधा भरलेला. घरातलं उत्तर ठरलेलं: "आईचा पाय पडला असेल." क्वचित पडतोही. पण ताप आणि भरलेला सांधा एकत्र दिसले की सांध्यात जंतू आहेत असं समजूनच पावलं उचलावीत. चुकीचं ठरलं तर नुकसान थोडं. हे जंतू बहुधा नाळेतून किंवा आतड्यातून रक्तात आणि रक्तातून सांध्याच्या अस्तरात येतात. घोडीच्या वारेची रचना अशी आहे की पोटातल्या शिंगराला आईकडून प्रतिकारशक्ती मिळतच नाही. ती सगळी चिकातून मिळते. जन्मल्यावर पहिल्या काही तासांत आतडं चिकातली प्रतिद्रव्यं जशीच्या तशी आत घेतं. दिवसभरात ते दार बंद होतं. काही घरांत पहिला चीक जड म्हणून जमिनीवर पिळून टाकतात. ती चाल आजच मोडावी. शिंगरू उठून दोन-तीन तासांत प्यायलं की नाही, याला घरातल्या कोणीतरी रात्र जागून साक्षी असावं, आणि नाळेला आयोडीन लावावं.

उपचारांवर येतो, आणि इथे लेखकाशी माझा थोडा वाद आहे. डाग देण्याबद्दल वाद नाही. तापलेल्या लोखंडाने सांध्यावर रेघोट्या ओढण्याची चाल आपल्याकडे अजून आहे, आणि विलायतेतही होती. तिथे नसांवर दिलेल्या डागांची नीट पाहणी करून १९८३ साली जे प्रसिद्ध झालं त्यात डागाने काही साधत नाही असंच निघालं. डाग दिल्यावर घोडा बरा होतो तो डागानंतर मिळालेल्या दोन महिन्यांच्या विश्रांतीने. विश्रांती द्यायचीच आहे तर भाजता कशाला? वेदनाशामकांबद्दलही आमचं एकमत आहे. फेनिलब्युटाझोन स्वस्त आहे, गुण लगेच दिसतो, आणि जास्त दिवस दिलं तर पोटात व्रण, मूत्रपिंडाला अपाय. डायक्लोफेनॅक तर जनावरांसाठी २००६ सालीच बंद झालं, कारण ते दिलेलं मेलेलं जनावर खाऊन गिधाडं संपत चालली होती. तरी माणसाच्या दुकानातून आणून टोचणारे महाभाग भेटतात.

वाद आहे तो सांध्यात द्यायच्या स्टेरॉइडचा. लेखक त्याला जवळजवळ निषिद्ध ठरवतो. मला ते पटत नाही. योग्य सांध्यात, योग्य औषध, थोड्या मात्रेत आणि त्यानंतर खरी विश्रांती, असं दिलं तर ते पेटलेलं अस्तर शांत करतं आणि कूर्चा वाचवतं. त्याची बदनामी झाली ती दुसऱ्याच दिवशी घोडा जुंपणाऱ्यांमुळे. कोल्हापूर, सांगली, बेळगाव भागातल्या घोडागाडीच्या शर्यती मी आवडीने पाहिल्या आहेत. धुळीतून सुटलेली ती चार पायांची लय पाहून कोणाचंही काळीज उसळेल. पण शर्यतीच्या आदल्या दिवशी सांध्याची वेदना औषधाने दाबून घोडा उतरवणं म्हणजे त्याला आपल्याच हाडावर पळायला लावणं आहे. दोष औषधाच्या बाटलीत नाही, तारखेत आहे. हायल्युरोनिक अॅसिडची इंजेक्शनं हा महागडा पण सौम्य मार्ग. हे रसायन १९३४ साली बैलाच्या डोळ्यातून वेगळं काढलं गेलं आणि शर्यतीच्या घोड्यांच्या सांध्यात देऊन पाहिल्याचे निष्कर्ष १९७० साली छापून आले. आज आपल्या घरातल्या आजी-आजोबांच्या गुडघ्यात तेच इंजेक्शन देतात. घोडा तिथेही आपल्या आधी जाऊन आला आहे.

बाकी पहिल्या दोन-तीन दिवसांत करायचं ते अगदी बिनखर्चाचं: थंड पाण्याची धार पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून दोन-तीनदा. शेक नको, चोळणं नको. मऊ जमिनीवर उभं करावं. सूज उतरू लागली की हाताने धरून चालवणं, रोज थोडं जास्त. महिनाभर खुंटाला बांधणं ही विश्रांती नव्हे.

विश्रांती सांगणं सोपं, देणं अवघड, हे मी जाणतो. लग्नसराईत घोडी पंधरा दिवस उभी राहिली तर घरातली चूल अडते. पण घोडा हा सांभाळायचा हिशेब आहे, हे आपल्या लोकांना नवं नाही. शिवाजी महाराजांनी चिपळूणकडच्या छावणीतल्या जुमलेदारांना पाठवलेलं पत्र प्रसिद्ध आहे. पावसाळ्यापुरता दाणा-वैरणीचा साठा आताच उधळाल तर पुढे घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखी होईल, असा त्याचा रोख. सांध्याचा साठाही असाच आहे. तो आधी उधळला तर पुढे बाजारात विकत मिळत नाही. भाड्याच्या घोड्यांच्या मालकांनी एखादी जोडघोडी भागीत ठेवावी, म्हणजे एकीला बसवता येईल, ही लेखकाची सूचना मला व्यवहाराची वाटते. धारवाड-हुबळीकडच्या मालकांना गदगचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे, साताऱ्याकडच्यांना शिरवळचं, मुंबईकरांना परळचं, जे १८८६ पासून चालू आहे. घोडा गाडीत घालून न्यायचा खर्च वाचवायचा असेल तर आधी चालण्याचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ पाठवावा. बाजूने नव्हे, समोरून आणि मागून, आणि दोर सैल.

नालबंदाचं प्रकरण लेखकाने शेवटी ठेवलं आहे. मी वाचकाला ते आधी वाचायला सांगेन. पुढचा खूर लांब वाढू दिला की पाऊल उचलताना सांध्यावर ताण लांबतो. एका बाजूला उंच-सखल कापला की प्रत्येक पावलाला सांधा एका अंगावर दबतो. सहा-आठ आठवड्यांनी खूर सारखा करून घेणं हे अस्तराला मिळणारं सर्वांत स्वस्त औषध, आणि तेच पुढे ढकललं जातं. पुस्तकाच्या शेवटी चार पायांच्या आकृतीचं एक कोष्टक आहे. रोज संध्याकाळी प्रत्येक सांध्यापुढे गरम, भरलेला, साधा यांपैकी एक खूण करायची. अक्षर न येणाऱ्यालाही करता येईल असं ते काढलं आहे. पान सुटं करून तबेल्यात लावता यावं म्हणून कागदही जाड घेतला आहे. पावसाळ्यात मात्र त्यावर प्लास्टिकची पिशवी चढवावी लागेल.